वीस मिनिटांचा चहा

आमच्या बांधकाम कंपनीत सकाळी दहाला सगळी साइट एकत्र चहा प्यायची. सुतार, गवंडी, सळया बांधणारे, वायरमन, प्लंबर, सगळे सिमेंटच्या गोण्यांवर टेकायचे आणि एकमेकांची उणीदुणी काढायचे. जुने मालक म्हणायचे, चहा कंपनीचा, जिभा तुमच्या. मालक गेले, त्यांच्या मुलाने बाहेरून मॅनेजर आणला, आणि मॅनेजरने मला, म्हणजे नियोजन विभागातल्या एकुलत्या एक मुलीला, वेळ कुठे वाया जातो ते शोधायला सांगितलं.

मी घड्याळ घेऊन आठवडाभर उभी राहिले. वीस मिनिटं गुणिले एकशे दहा माणसं. आकडा एवढा मोठा आला की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. चहा ज्याच्या त्याच्या जागेवर जाऊ लागला आणि मला बढती मिळाली. साइटवरचे प्लंबर माझे सख्खे मामा. त्यांनीच मला इथे चिकटवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "शहाणी आहेस. पण आम्ही तिथे नुसता चहा पीत नव्हतो गं." मी ते कानाआड केलं.

दोन महिन्यांनी चौथ्या मजल्याचा स्लॅब भरला. त्या मजल्यावरच्या न्हाणीघरांची जागा बदलली होती, आणि आर्किटेक्टने ते जिन्यात जाता जाता मामांना सांगितलं होतं. पूर्वी ही बातमी दहाच्या चहाला सळईवाल्यांच्या मुकादमापर्यंत पोचली असती, वर चार शिव्या घालून. आता मामा तळमजल्यावर, मुकादम चौथ्यावर. पाइपांसाठी जागा जुन्याच ठिकाणी सुटल्या. तयार स्लॅबला बावीस भोकं पाडावी लागली, त्यात सळया कापल्या गेल्या, आणि काम सात आठवडे मागे पडलं. पुढची इमारत आम्हालाच द्यायचं कबूल केलेल्या गिऱ्हाइकाने ती दुसऱ्यांना दिली.

चौकशी बसली. मुकादमाला का सांगितलं नाही, असं मॅनेजरने मामांना विचारलं. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"विसरलो," ते म्हणाले. "वय झालं."

एकतीस वर्षांत मामा साधा एक नळ विसरलेले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून सांगितलं की चूक त्यांची नाही, माझ्या अहवालाची आहे. ही माणसं जिथे बोलायची ती वेळच मी काढून टाकली. आता माझी नोकरी जाणार, हे धरूनच मी बोलले होते.

मॅनेजर समजूतदारपणे हसला. सख्खे मामा आहेत, वाईट वाटणारच, म्हणाला, पण अहवालाचा याच्याशी काय संबंध? अहवाल उत्तमच होता. मामांना महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मग त्याने डायरी उघडली. नदीपलीकडच्या साइटवरही असाच अभ्यास करून हवा होता. तिथले लोक म्हणे चहाला पंचवीस मिनिटं लावतात.

मामा अजून खोलीतच होते, हेल्मेट काखेत धरून. मी नाही म्हणायला हवं होतं.

"कधीपासून जाऊ?" मी विचारलं.