घड्याळाला सांगितलेलं वय

देवराम पिंगळ्यांचं खरं वय एकोणसत्तर. सरकारदरबारी ते अजून त्रेसष्टचेच होते. सायखेड्याच्या शाळेत त्यांचं नाव बाराव्या वर्षी घातलं. पोर अंगानं किरकोळ, म्हणून मास्तरांनी अंदाजपंचे सहा वर्षं वजा केली आणि एक जून ही तारीख ठोकून दिली. मास्तरांचे हे उपकार देवराम कधी विसरले नाहीत, कारण नोकरी सहा वर्षं लांबली.

छातीत एकदा कळ येऊन गेल्यावर डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला, पण नाडी हद्दीत ठेवून." मग दुबईच्या रवीनं वडिलांसाठी नाडी मोजणारं, छातीला पट्टा बांधायचं मनगटी घड्याळ आणलं. सुट्टी संपवून परत जाताना त्यानं कागदावरची जन्मतारीखच त्यात भरली. वयावरून घड्याळ हद्द ठरवायचं. नाडी खाली राहिली तरी पीं पीं, वर गेली तरी पीं पीं.

गंगापूर रोडवर रोज तोच तमाशा. कितीही पाय उचला, चार-पाच ठोके कमीच पडायचे. मग देवराम जवळजवळ पळायचे, घामाघूम व्हायचे, आणि घरी येऊन भिंत धरून उभे राहायचे.

"आवो, त्या यंत्राला तरी खरं वय सांगा," गोजराबाई कळवळून म्हणाल्या. "ते काय तुमची पेन्शन बंद करनार हाय का?"

"रंगनाथदादा बघेल ना!"

खरं दुखणं हे होतं. रंगनाथ रोजचा सोबती, एकाच कचेरीतला. कागदावर दोन वर्षांनी मोठा, म्हणून देवराम त्याला दादा म्हणत आणि तो यांना 'अरे देवराम' म्हणे. खात्याची परीक्षा आधी पास होऊन देवराम हेडक्लार्क झाले. त्यांच्यामागे नंबर रंगनाथाचा. देवराम वेळेवर निवृत्त झाले असते, तर शेवटची चार वर्षं ती खुर्ची रंगनाथाची होती. तो मात्र कारकून म्हणूनच घरी गेला. निरोपाच्या सभेत देवरामांनीच त्याला नारळ दिला होता. भाषणही बरं झालं होतं.

एके सकाळी चढावर घड्याळ ओरडत राहिलं, देवराम रेटत राहिले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रंगनाथानं त्यांना धरून एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी पाजलं.

"अरे, हे यंत्र तुला मारून टाकील. आण इकडे, माझ्या पोराकडेही असंच आहे." त्यानं बटणं दाबली. "वय किती टाकू?"

देवरामांच्या छातीत पुन्हा तीच कळ चाटून गेली. आता मात्र ते घाबरले. खुर्ची गेली खड्ड्यात, जीव प्यारा होता.

"एकोणसत्तर."

रंगनाथाचं बोट थांबलं. त्यानं रस्त्याकडे पाहिलं. हिशोबाचा तो पक्का माणूस. कचेरीत त्याची बेरीज कधी चुकली नव्हती. मग आकडा भरून त्यानं घड्याळ देवरामांच्या मनगटावर जपून बांधलं. पीं पीं थांबलं.

थोड्या वेळानं कळ ओसरली. रिक्षाला हात करून रंगनाथानं देवरामांच्या काखेत हात घातला.

"चला, देवरामदादा. सावकाश उठा हं तुम्ही."

रिक्षा दोन पावलांवर होती. तेवढ्यात घड्याळ बोंबलायला लागलं, नाडी हद्दीच्या वर गेली होती. या वेळी यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं.