खालचा खण

"तुम्ही मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं आहात!" वेल्डर फोनमध्ये ओरडला आणि मोकळ्या हाताची मूठ त्याने काउंटरच्या काचेवर हाणली. काच फुटली नाही. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. "पैसे घेतलेत, तिकीट दिलंत आणि अर्ध्या तासात रद्द? माझ्या आईची छाती फाडणार आहेत आज संध्याकाळी सहाला. माझी सीट कुणाच्या घशात घातलीत, ते सांगा!"

"सर, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," पलीकडची मुलगी म्हणाली. विमान कंपनीचा आवाज होता तो. इतका गुळगुळीत की त्यावर शिवीसुद्धा टिकेना. "आपलं बुकिंग सिस्टिमने रद्द केलेलं आहे."

"सिस्टिमला आईबाप आहेत का?"

"सर, मी आपल्याला होल्डवर ठेवते."

आणि बासरी वाजायला लागली.

त्याने फोन उजव्या कानाला घट्ट दाबून धरला. डाव्याचा उपयोग नव्हता. तो सहा वर्षांपूर्वीच गेला होता.

काउंटरमागे तिकीटवाल्या मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तडकलेल्या काचेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"काच माझी आहे, कंपनीची नाही," त्या म्हणाल्या. "हाणायचंच असेल तर माणूस तरी नीट शोधा."

"शोधतोच आहे."

सकाळी नऊला वर्कशॉपमध्ये ताईचा फोन आला होता. आई तिच्याकडे असते, दूरच्या शहरात. ताई रडली नव्हती. तिने एवढंच सांगितलं होतं, "डॉक्टर म्हणतात, निम्मी-निम्मी आशा आहे. आईने दोघांना बोलावलंय. भांडत येणार असाल तर कुणीच येऊ नका." ट्रकच्या चेसिसवर अर्धवट सोडलेला सांधा तसाच टाकून तो निघाला. तिकडे जाणारं विमान दिवसातून एकच होतं, दुपारी अडीचचं.

साडेनऊला मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली होती. तीन सीट शिल्लक होत्या.

"दोन या भावाच्या, एक त्या भावाची. असं का?" त्याने विचारलं होतं.

"एका विमानात एकच भाव कधीच नसतो. कपाटाला खण असतात ना, तसे भावाचे खण असतात. खालच्या खणात स्वस्त सीट. तो रिकामा झाला की वरचा उघडतो. खुर्ची तीच, खिडकी तीच, पाय तितकेच आखडायचे. भाव मात्र वरचा."

"म्हणजे सरळ सरळ लूट."

"तुम्ही तिला लूट म्हणा, ते तिला मागणी म्हणतात. कार्ड आणलंय का? नाव कार्डावर आहे तसंच्या तसं लागतं. एक अक्षर हललं तरी दारातून परत."

कार्ड घरी, दुसऱ्या पँटच्या खिशात. तो पळत गेला आणि पळत आला. चाळीस मिनिटं. तोवर खालचा खण साफ.

"दोन्ही?"

"कुणीतरी एकदम उचलल्या. पावणेदहाच्या आसपास. आता वरची एकच आहे, दुप्पट भावाने."

त्याने घासाघीस केली नाही. तिकीट छापून बाहेर आलं तेव्हा कागद कोमट होता. घडी करून त्याने तो छातीशी खिशात ठेवला, बाकावर बसला आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायला. मग मेसेज आला. रद्द. कारण नाही, खुलासा नाही. मॅडमनी पुन्हा स्क्रीन उघडली. विमान भरलेलं.

"पण माझी सीट सुटली ना? ती दिसायला पाहिजे!"

"खुर्च्या असतात त्यापेक्षा जास्त तिकिटं विकलेली असतात, दादा. कुणीतरी येणार नाही हे धरून. सुटलेली सीट त्या वाढीव विक्रीत जिरते. परत वर येत नाही."

म्हणजे नसलेली खुर्ची विकायची, आणि असलेली काढून घ्यायची. वर बासरी ऐकवायची. माणसाने राग गिळावा म्हणतात. गिळणारे गिळोत. ज्याच्या समोर गुळगुळीत आवाजाशिवाय काही ठेवलेलंच नाही, त्याने मूठ मारायची कुठे? तो गच्च वळलेली मूठ घेऊन फिरतो आणि पहिलं हाडामांसाचं तोंड दिसेल त्यावर ती उतरवतो. हे आवाजवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ते तोंड दाखवत नाहीत.

दार ढकलून मोठा आत आला.

मोठा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, बस चालवायचा. ड्रायव्हरचा गणवेश तसाच अंगावर होता, पाठ घामाने भिजलेली. वर्कशॉपमध्ये विचारत विचारत इथवर आला असणार. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आई कुणाकडे राहणार यावरून तेव्हा जुंपली होती. कुणीतरी ऐकलं तर वाटावं, दोघेही तिला माझ्याकडेच ठेवा म्हणत असतील. तसं नव्हतं. दोघेही "तू ने" म्हणत होते. मोठ्याच्या हातात पाना होता. त्या दिवशी धाकट्याचा कान गेला, मोठ्याच्या दोन बरगड्या गेल्या, आणि ताई येऊन आईला घेऊन गेली.

"इथे आहेस होय," मोठा धापा टाकत म्हणाला. "अख्खं शहर पालथं घातलं."

वेल्डरची नजर त्याच्या खिशाकडे गेली. तिकिटाची घडी वर डोकावत होती.

"तुझं तिकीट झालं?"

"झालं. पण मधेच मेसेज आला म्हणून…"

"किती काढलीस?"

"दोन. अरे, ऐक आधी."

"पावणेदहाला?"

मोठा दचकला. "हो. तुला कसं कळलं?"

दोन. एक स्वतःची आणि एक वहिनीची. त्या बाईची, जिने आईचं ताट कधी धुतलं नव्हतं. खालचा खण त्या दोघांनी उचलला होता. वेल्डरने फोन काउंटरवर ठेवला. नीट ठेवला, बासरी चालूच होती. आणि वळता वळता त्याने मोठ्याच्या जबड्यावर हाणली.

वेल्ड सुटताना होतो तसा टणक, कोरडा आवाज आला.

मोठा बाकावर आदळला, बाक उलटला. पण तो काही मार खाऊन गप्प बसणाऱ्यातला नव्हता. आडवा पडल्या पडल्याच त्याने लाथ घातली ती गुडघ्यावर बसली. वेल्डर त्याच्या अंगावर कोसळला. मोठ्याने त्याच्या मनगटाला दात लावायला पाहिलं, पण दात मिटेचनात; नुसती रक्ताची लाळ मनगटावर सांडली. मग त्याने कपाळ हाणलं. वेल्डरच्या नाकातून गरम धार लागली. त्याने भावाचे केस मुठीत धरले आणि डोकं फरशीवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. कोपऱ्यातला प्रिंटर कोसळला, भिंतीवरचं निळ्या समुद्राचं चित्र फाटून लोंबायला लागलं. पोटात गुडघे बसत होते आणि दोघांपैकी कुणीही ओरडत नव्हतं. लहानपणीही ते असेच भांडायचे, आवाज न करता. ओरडलं की बाप यायचा आणि दोघांना पट्ट्याने सोलायचा.

मॅडमनी पाण्याचा अख्खा जग दोघांच्या डोक्यावर ओतला. भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तसा.

"मरा बाहेर जाऊन!" त्या किंचाळल्या. "तिकडे आई मरतेय आणि इथे पोरं एकमेकांचे मुडदे पाडतायत. लाज नाही वाटत? केस पिकले दोघांचे!"

वेल्डरने हात सोडले. मोठा कुशीवर वळला. त्याचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता, दार बिजागरीतून निसटावं तसं. तो काहीतरी म्हणत होता. शब्द होत नव्हता.

तिकिटाची घडी पाण्यात पडली होती. मॅडमनी ती उचलली, झटकली, चष्मा डोळ्यांवर चढवला. वाचली. मग काउंटरवरून वेल्डरच्या कार्डाची प्रत घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली. 

"तुमची जन्मतारीख यांना पाठ आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोन तिकिटं. एक यांचं." त्यांनी बोट खाली सरकवलं. "दुसरं तुमचं. कार्डावर आहे तसंच्या तसं, बापाच्या नावासकट. एक अक्षर हललेलं नाही."

वेल्डर नाकाला हात लावून उभा होता. रक्त कोपरावरून गळत होतं.

"एकाच विमानात एकच नाव दोनदा आलं," मॅडम सावकाश म्हणाल्या, "की मशीनला वाटतं, कुणीतरी फुकटची जागा अडवतंय. ते विचारत बसत नाही. दोन्ही उडवतं. यांनी काढलेलं तुमचं, आणि तुम्ही काढलेलं तुमचं. म्हणून अर्धं तिकीट रद्द झाल्याचा मेसेज यांना गेला. तोच दाखवायला आले असतील बिचारे."

"मग याचं?"

"यांचं शाबूत आहे."

"याच्या जागी मी…"

"नाव बदलत नाही, दादा. विमानात नाव बदलत नाही."

काउंटरवरच्या फोनमधली बासरी थांबली. "सर, आपण लाइनवर आहात का?" वेल्डरने फोनकडे पाहिलं. मग बोट ठेवून तो बंद केला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. एकला विमानतळाच्या दारात पोचायला हवं होतं. वेल्डरने भावाच्या काखेत हात घातले आणि त्याला उभं केलं. मोठ्याने हिसडा मारला. वेल्डरने सोडलं नाही.

"चल. रक्त दिसलं तर चढू देणार नाहीत."

मागच्या मोरीत त्याने मोठ्याचं तोंड धुतलं. आधी कानामागचं, मग मानेवरचं, मग हळूच ओठांवरचं. मोठ्याने डोळे मिटून घेतले होते. पाणी लाल, मग गुलाबी, मग साधं झालं. मॅडमनी स्वतःची ओढणी दोन तुकडे करून दिली. त्यातल्या एकाने वेल्डरने जबडा वर उचलून डोक्यावर गाठ मारली. सांधा धरायचा त्याला सराव होता. कुठे दाबायचं आणि कुठे नाही, हे हाताला कळत होतं. मोठ्याच्या घशातून एकदाच कण्हणं निघालं.

"दाढ दुखतेय म्हणून सांगा," मॅडम म्हणाल्या. "दाढेला कुणी अडवत नाही. पण तिकडे उतरल्यावर तडक डॉक्टर."

टॅक्सीवाल्याने आरशातून दोघांना पाहिलं. एकाचं नाक भोपळ्यासारखं सुजलेलं, दुसऱ्याचं डोकं भेट दिलेल्या पुडक्यासारखं बांधलेलं.

"समोरच्यांची काय हालत आहे?" त्याने विचारलं.

"समोर कुणी नव्हतं," वेल्डर म्हणाला.

मोठा खिडकीबाहेर बघत होता. वेल्डर त्याच्या गणवेशाच्या बाहीकडे बघत होता. बाही उसवली होती आणि कुणीतरी ती वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवली होती.

एकला पाच कमी असताना ते दारात पोचले. आत जाणाऱ्यांची रांग लागली होती. पहारेकरी एकेकाचं कार्ड आणि तिकीट तपासत होता. वेल्डर रांगेत भावाच्या बरोबरीने सरकत राहिला, त्याला आत जायचं नव्हतं तरी. पुढे तीन माणसं राहिली तेव्हा त्याच्या तोंडून ते निघालंच.

"तिकीट काढायच्या आधी एक फोन करायला काय झालं होतं तुला? एक फोन! हात झडले होते? बोल की!"

मोठ्याने खिशातून मोबाइल काढला. काचेवर रक्ताचा ठसा होता, तो त्याने पँटला पुसला. अंगठ्याने काहीतरी उघडलं आणि स्क्रीन भावाच्या डोळ्यांसमोर धरली. नऊ वाजून पाच. नऊ सात. नऊ दहा. एकाखाली एक अकरा कॉल, सगळे एकाच नंबरला. नावाच्या जागी लिहिलं होतं, धाकटा.

वेल्डरने स्वतःचा फोन काढला नाही. त्यात एकही कॉल दिसणार नव्हता. सहा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या खाटेवर, कानाला पट्टी असताना, त्याने पहिलं काम केलं होतं ते मोठ्याचा नंबर ब्लॉक करण्याचं. मग तो विसरून गेला होता.

पुढे दोन माणसं. मग एक.

मोठ्याने स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. सुजलेल्या बोटांनी तो टाइप करायला लागला. चुकला, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"कार्ड दाखवा," पहारेकरी म्हणाला. "तोंडाला काय झालंय?"

"दाढ," वेल्डर म्हणाला. "दाढ काढलीय. बोलता येत नाही त्याला."

पहारेकऱ्याने मान हलवून कार्ड घेतलं. तेवढ्यात मोठ्याने मोबाइल वेल्डरच्या हातात ठेवला, आणि हात मागे घेतला नाही. उत्तरासाठी तसाच पुढे धरून ठेवला. मागून कुणीतरी "चला हो" म्हणून ओरडलं. वेल्डरने स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. एकच ओळ होती.

ती विचारेल धाकटा कुठे आहे. काय सांगू? लिही.