हिरवी पावडर

ह्यांच्या नाकातून सकाळी सुरू झालेलं रक्त दुपार झाली तरी थांबायचं नाव घेत नव्हतं. डॉक्टरीणबाई कापसाची वात आत सारायच्या, जरा बरं वाटायचं, की ओठावर पुन्हा लाल रेघ.

ह्यांच्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ करायची गोळी. मधे काही महिने रक्त घट्टच होत चाललं, म्हणून बाईंनी गोळी वाढवली, मग आणखी वाढवली. आज तेच रक्त इतकं पातळ निघालं, की रिपोर्ट पाहून बाई खुर्चीतून उठल्याच.

“गोळी तीच, माणूस तोच. मग इतक्यात बदललं काय?”

हे छताकडे बघत राहिले. आमचा मुलगा, घरातला पैलवान, भिंतीला टेकून उभा होता. व्यायामशाळेत शिकवतो, एरवी तोंड मिटत नाही. आज मूग गिळून गप्प.

“गोळीवर उतारा द्यायचाय,” बाई म्हणाल्या. “जास्त झाला तर झडपेवर गुठळी, कमी झाला तर हे रक्त थांबणार नाही. मला अंधारात ठेवू नका.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तोंड उघड रे! बाप तुझाच आहे ना?”

“ती हिरवी पावडर, आई.” त्याचा आवाज चिरकला. “पालेभाज्या वाळवून दळलेली. व्यायामाआधी घेतो ना मी? बाबांनाही देत होतो. मग कुठेतरी वाचलं, की ती ह्या गोळीच्या उलट काम करते. घाबरलो. गुपचूप बंद केली, डबाही व्यायामशाळेत नेऊन ठेवला. वाटलं, बंद केली म्हणजे झालं.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, वाढवलेली गोळी त्या पावडरीशीच झुंजत होती. पावडर गेली, गोळीला मोकळं रान मिळालं! किती द्यायचास?”

“रोज एक चमचा.”

पलंगावरून ह्यांनी दोन बोटं वर केली.

“बाबा?”

“तू कामावर गेलास की... आणखी एक.” कापसामुळे आवाज बसका येत होता. “त्याला बोलू नका. मीच मागितली.”

चोरावर मोर! पण हसायला कुणालाच सुचलं नाही. बाईंनी उतारा अगदी जपून, मोजून दिला. पालेभाजीत रक्त घट्ट करणारं जे असतं, तेच ह्या उताऱ्यात असतं, म्हणाल्या. मी भांडं धरून बसले. हा माणूस आता जातो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दिवे लागल्यावर बाईंनी वात काढली. कोरडी होती. पुन्हा पाहिली, तरी कोरडीच. मग मात्र माझा राग उसळून वर आला.

“एवढी कसली हो ताकदीची हौस? ह्या वयात फडात उतरायचं होतं?”

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“ऑपरेशननंतर तू मला आंघोळ घालायचीस. ती वेळ परत नको होती.”

“मी कधी तक्रार केली?”

“नाही केलीस. दुखऱ्या कमरेला पट्टा बांधून घालायचीस, पदराआड लपवून. मला दिसत होतं.”