जाळरेषेतली फट

आग लावायची परवानगी आमच्याकडे होती. ती विझवायचा उत्साह मात्र सोसायटीकडे.

पुनावळ्याच्या मागच्या टेकडीवर आम्ही काही टाळकी दर रविवारी झाडं लावतो. मी आम्रपाली, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्याबरोबर युनूस असतो, त्याचं थेरगावात गॅरेज आहे. टेकडीच्या माथ्याखाली एक पिंपळ आहे. वडील गेले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाला आईने तो लावला. दर पौर्णिमेला ती धापा टाकत वर जाते, त्याला पाणी घालते आणि घरातलं सगळं सांगत बसते. त्या झाडाला काही झालं तर आईला तोंड कसं दाखवायचं, हाच मला उन्हाळाभर घोर. कारण दर उन्हाळ्यात कुणीतरी गवतात विडी टाकतं आणि टेकडी पेटते.

यावर उपाय आहे. हिवाळ्यात गवत पुरतं वाळलेलं नसतं, तेव्हाच झाडांभोवतीचा एक पट्टा आपण जाळून टाकायचा. ही जाळरेषा. पुढे आग लागलीच तर पट्ट्यापर्यंत येते, तिला खायला काही मिळत नाही आणि ती मरते. इतकं साधं आहे हो! पण हे टेकडीखालच्या सोसायटीचे चेअरमन नवनाथकाका यांच्या डोक्यात कोण घालणार?

त्यांना आधी दोनदा जाऊन सांगितलं होतं. "व्हय व्हय, करा की," म्हणाले. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी वनरक्षकाला सोबत घेऊन आम्ही पट्टा जाळत निघालो. सोसायटीच्या भिंतीलगत वरच्या अंगाला शेवटचा तुकडा राहिला होता, तेवढ्यात बंब हजर. युनूस ओल्या पाल्याची फांदी हलवत ओरडला, "अहो भाऊ, आम्हीच लावलीय!" हे ऐकल्यावर तर त्यांनी पाणी आणखी जोरात सोडलं.

फोन काकांनीच केला होता. "समदी कापडं धुरकाटली बाल्कनीतली," म्हणे. परवानगीचा कागद बघून बंबावरच्या माणसाने त्यांना सगळ्यांदेखत झापलं आणि तो निघून गेला. वनरक्षकाने भिजलेल्या गवताकडे बघून कपाळाला हात लावला. हे वाळेपर्यंत वारा सुटेल, मग पेटवायची सोय नाही, म्हणाला. विळ्याने कापायला गेलो, तर काका म्हणाले, हद्द आमची आहे, आधी मीटिंग होऊ दे. मीटिंग झालीच नाही. फट तशीच राहिली.

मार्चमध्ये मी दुपारच्या शिफ्टला होते. चहाच्या सुट्टीत मोबाइल उघडला, तर त्या सोसायटीतल्या भाग्यश्रीने व्हिडिओ पाठवलेला. टेकडीवर धुराचा लोट. मी तिला फोन केला, ओरडलेच, "बंबाला कळवलं का?"

"कशाला? तुमचंच काम चाललंय ना? काकांनी ग्रुपवर टाकलंय की."

तिने स्क्रीनशॉट पाठवला. काकांनी खरंच टाकलं होतं. टेकडीवर धूर दिसल्यास फायर ब्रिगेडला फोन करू नये, वनखात्याचं काम असतं. खाली अख्ख्या सोसायटीचे अंगठे. एकदा झापून घेतलं म्हणून या माणसाने सगळ्या बिल्डिंगचं तोंड बंद केलं होतं! चाकणमधून मीच फोन लावला. बंब पोचला, पण आग त्याच्या आधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी आई ऐकेना, कॅन घेऊन वर आलीच. जिथे पट्टा जळला होता तिथे आग थांबली होती, काळी रेघ स्पष्ट दिसत होती. भिंतीलगतच्या फटीतून मात्र आग आत शिरली होती आणि सरळ पिंपळापर्यंत गेली होती. कोळसा झालेलं खोड तेवढं उभं होतं. मला रडू येत होतं आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशीही वाटत होती.

तेवढ्यात नवनाथकाका चढून आले. खाली मान घालून म्हणाले, "ताई, चुकलं आमचं. पुढच्या साली ठरावच करतो, खुशाल जाळा." मग जरा घुटमळले. "फकस्त रविवार नको. कापडं असत्यात."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने कॅन उलटा केला. सगळं पाणी त्या कोळशाच्या बुंध्याशी ओतलं. मागे न बघताच ती म्हणाली,

"कपडे मी धुऊन दिले असते, भाऊ."