डोक्याएवढी मोकळी जागा

गावातले दिवसाच्या कॉलेजचे लोक संध्याकाळच्या लॉ कॉलेजला 'डुलकी कॉलेज' म्हणत, आणि खोटं कशाला बोला, डुलक्या तिथे चालतच. दिवसभर राबून आलेली माणसं ती! कोणी मीटर वाचणारा, कोणी पार्सलं पोचवणारा, आणि त्यातच ही आपली बेकरीवाली. पहाटे साडेतीनला उठून चाळीस किलो पीठ मळायचं, दुपारी पोरांचं बघायचं आणि सहाच्या ठोक्याला बाकावर येऊन बसायचं. साडेसहाला हिची मान कललीच. नणंद तर तोंडावर म्हणायची, "वहिनी, झोपायलाच जायचं तर तीन जिने कशाला चढतेस? घरी गादी आहे की!"

अशी रडतखडत तीन वर्षं गेली. शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि विद्यापीठाचा तपासनीस वर्गात येऊन बसला. इथे न येताच हजेरी लागते, अशी कोणीतरी कागाळी केली होती. हजेरीपट त्याने बाजूला सारला. "हा कोणीही भरतं. मला वह्या दाखवा."

बेकरीवालीची वही उघडताच त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. दोन पानं तिच्या अक्षरात, पुढची चार भलत्याच.

"वही तुमची?"

"माझीच, साहेब."

"अक्षरं सात माणसांची दिसतात. म्हणजे तुम्ही घरी, आणि वही मागाहून कोणीतरी भरलेली. अशा हजेरीवर परीक्षेला बसता येणार नाही."

तीन वर्षांची झोप बेकरीवालीने या एका परीक्षेपायी घालवली होती.

कॉलेजच्या मुख्य बाई पुढे झाल्या. एके काळी टेलिफोन ऑफिसात नोकरी करून त्या इथेच शिकल्या होत्या. "साहेब, ही आमची सत्तर वर्षांची रीत आहे," त्या म्हणाल्या. "कोर्टातल्या एका जुन्या कारकुनाने हे कॉलेज काढलं, फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर. शिकवणारे मास्तरही तेच. बसायला विक्रीच्याच खुर्च्या. खुर्ची विकली गेली की त्या दिवशी एकाने उभं राहून शिकायचं. पहिल्याच वर्षी छापखान्यातल्या एका कामगाराचा डोळा लागला. मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटून त्याला सगळ्यांदेखत उठवलं. तो 'माफ करा' म्हणाला, वही उचलली आणि जिना उतरून गेला. मास्तर दोनदा छापखान्यात जाऊन आले, पण तो काही परतला नाही. तेव्हा त्यांनी नियम केला, झोपलेल्याला उठवायचं नाही. शेजाऱ्याने त्याच्या वहीत लिहायचं."

"गोष्ट छान आहे," तपासनीस म्हणाला. "पण गोष्टीने हजेरी लागत नाही."

तेवढ्यात बेकरीवाली उठली. उभं राहून कोणापुढे काही मांडायची ही तिची पहिलीच वेळ.

"साहेब, घरी पडलेली वही कोणी भरली असती, तर पान सलग भरलं असतं ना? मग हे बघा."

पानाच्या मधोमध गोल मोकळी जागा होती. ओळी डावीकडून यायच्या, त्या गोलापाशी थांबायच्या आणि पलीकडून पुढे सुरू व्हायच्या.

"इथे माझं डोकं होतं," ती म्हणाली.

तपासनीसाने पानं उलटली. कुठे गोल डावीकडे, कुठे उजवीकडे, एका ठिकाणी कोपराला लागलेल्या पिठाचा पांढरा डाग. तो हसला नाही. "अशी जागा मुद्दामही सोडता येते," एवढंच म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

मुख्य बाईंनी भिंतीकडचं लोखंडी कपाट उघडलं. त्यात फायली असतील, असंच बेकरीवालीला वाटायचं. होत्या वह्या, वरपासून खालपर्यंत. पास होणारा प्रत्येक जण जाताना एक वही ठेवून गेला होता. तपासनीसाने एक पिवळी पडलेली वही ओढली आणि वरचं नाव वाचून ताठ झाला. वर्गात ज्यांचे निकाल पाठ करून घेत, त्या न्यायमूर्तींची वही ती. त्याने मधलं पान उघडलं. चारी बाजूंनी जांभळ्या शाईतलं दुसऱ्याच कोणाचं तरी अक्षर, आणि मधे तसाच गोल. त्याने दुसरी वही काढली, तिसरी काढली. एका बाईंच्या वहीत गोलाला मागे छोटासा फुगवटा होता, अंबाड्याएवढा.

बेकरीवालीने भीतभीत न्यायमूर्तींच्या वहीतल्या त्या मोकळ्या जागेवर तळवा ठेवला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या माणसाच्या एका वाक्याने कायदा बदलला, तो माणूसही दिवसभर कुठेतरी राबून येऊन इथे असाच वहीवर डोकं टेकून झोपला होता. आणि कोणीतरी त्याच्या केसालाही धक्का न लावता त्याच्याभोवतीने अख्खा धडा लिहून काढला होता. आपली झोप ही आपलीच लाज, असं ती तीन वर्षं समजत आली होती. कपाटाकडे बघता बघता तिचे हात आपोआप जोडले गेले.

तपासनीस परत खुर्चीवर बसला. त्याने बेकरीवालीची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिली, गोल असलेल्या एकेका पानावरची तारीख हजेरीपटाशी ताडली. मग त्याने कागद ओढला, सावकाश चार ओळी लिहिल्या आणि चष्मा सारखा करून मोठ्याने वाचल्या.

"सदर विद्यार्थिनी वर्गात झोपत होती, याचा भक्कम पुरावा मी स्वतः पाहिला. सबब ती वर्गात हजर होती. तिला परीक्षेस बसू द्यावे."

बेकरीवालीने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. वाचायला गेली, पण डोळ्यांत पाणी इतकं दाटलं होतं की तिला एक अक्षर लागेना. शेवटी शेजारच्या मीटरवाल्याने तो तिला हळू आवाजात वाचून दाखवला.