घोड्यासमोरचे प्यादे

राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे तनुजाने दोन घरे पुढे ढकलले, तेव्हा बद्रीनाथ खदखदून हसले.

"अगं, राजाची भिंतच पाडलीस की!"

"पडली तर पडली."

या नवराबायकोचे मतभेद पटावर मिटत. जो जिंकेल त्याचे दोघांनी ऐकायचे, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरले होते. लेकीचे कॉलेज, सिडकोतले घर, सगळे बद्रीनाथांच्या मनासारखे झाले, कारण तनुजा किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात लपवायची आणि जीव मुठीत धरून बसायची. आता ते चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना कायमचे गावी, पाचोडला, भाऊ गोकुळकडे राहायला जायचे होते. तिथल्या शेतासाठी नवे खुरपेसुद्धा आणून ठेवले होते. तनुजाला जायचे नव्हते. पंचेचाळिशी उलटल्यावर ती रक्ताचे नमुने घ्यायला शिकली होती. सकाळी स्कूटीवर घरोघर जायची. म्हातारी माणसे तिलाच पाठवा म्हणून लॅबला फोन करत. हे सुख ती सोडणार नव्हती. त्यासाठी मोबाइलवर तिने ही एकच चढाई घोटली होती.

प्यादे आणखी पुढे सरकले आणि बद्रीनाथांचा घोडा हुसकावला गेला. मग कडेचे प्यादे निघाले. बद्रीनाथांनी मध्ये मुसंडी मारून तिच्या उघड्या राजाला पळवले. पण ती मागे वळली नाही. तिने उंट देऊ केला, त्यांनी तो हावरटासारखा खाल्ला. कडेची पट्टी मोकळी झाली आणि तिचा हत्ती थेट त्यांच्या राजासमोर आला. सुटका नव्हती.

बद्रीनाथांनी राजाभोवतीची घरे बोटाने मोजून पाहिली. "बरोबरी करू, व्हय?"

"नाय."

त्यांनी राजा आडवा केला. आनंदाआधी तनुजाला शंकाच आली. "मुद्दाम हरलात का?"

"मी?" ते भडकले. "इतक्या वर्षांत एकदा तरी सोडलंय का तुला? लई बेक्कार मारलंस आज."

त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. "गोकुळ, नाय येत आम्ही तिकडं... ठरलं होतं रं, पण हरलो... कुणाकडून म्हंजी? तनुजाकडून!"

फोन ठेवून ते उठले. खुरप्यावरचा कागद नीट गुंडाळला, स्टुलावर चढले आणि ते माळ्यावर अगदी आत सरकवले. खाली तनुजाने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.