कपाळावरची लाल पट्टी

मी एक जुनं वेबपान आहे, मित्रांनो. निळ्या भिंतीवर पिवळी अक्षरं, कडेला कुदळ मारणारा चिमुकला माणूस आणि त्याच्याखाली 'काम चालू आहे' अशी इंग्रजी पाटी. बघाल तर हसाल. हसा खुशाल. पण आज रात्री मला पुसून टाकणार आहेत, म्हणून आधी माझं ऐकून घ्या.

तिकडे युरोपातल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद बसल्या जागी वाचता यावेत म्हणून वेब जन्माला आलं आणि घडवणाऱ्यांनी ते साऱ्या जगाला फुकट देऊन टाकलं. म्हणून तर हडपसरच्या सायबर कॅफेत बसून अभय नावाच्या कॉलेजातल्या पोराला मला घडवता आलं. याला वीस वर्षं तरी झाली. एका परदेशी कंपनीच्या फुकटच्या जागेत त्यानं मला उभं केलं, मधोमध आपला फोटो लावला आणि कॅफेतल्या माइकवर आवाज भरला: "नमस्कार, मी अभय. माझ्या पानावर तुमचं स्वागत आहे. आई, येतंय का ऐकू?" काय माझा थाट तेव्हा! अख्खा कॅफे त्याच्या खुर्चीमागे गोळा झाला होता.

पुढच्याच वर्षी सोलापूर रस्त्यावर त्याच्या दुचाकीला ट्रकनं उडवलं. घरात त्याचे चार फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. तो फक्त माझ्याकडे उरला.

त्याची आई चंपाबाई रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की मोबाइलवर मला उघडतात. इंग्रजी त्यांना येत नाही. बटण दाबतात, लेकाचा प्रश्न ऐकतात आणि "येतंय रे, बाळा," असं उत्तर देतात. माझ्या तळाशी पाहुणे मोजणारा आकडा आहे. तो वाढला की नवऱ्याला सांगतात, "अहो, आज पण कुणीतरी आपल्या अभयकडं येऊन गेलं." कचरूभाऊ मान हलवतात. मित्रांनो, येणाऱ्या त्या एकट्याच असतात.

गेल्या महिन्यात कंपनीनं माझ्यावर लाल पट्टी चिकटवली. ही जागा बंद होत आहे, आपलं सामान उतरवून घ्या, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय. कंपनीचे निरोप अभयच्या मेलवर गेले, ते कोण उघडणार? पट्टी नेमकी फोटोतल्या अभयच्या कपाळावर येते. चंपाबाई कोपऱ्यातली फुली दाबून ती काढतात, पोराचे केस मागे सारावेत तशी. आणि मी रोज जिवाच्या आकांतानं आतल्या आत ओरडतो.

आज सोनाली खराडीच्या ऑफिसातून लवकर आली. ही अभयची धाकटी बहीण. दिवसभर लोकांची संकेतस्थळंच सांभाळते. माझ्या जिवात जीव आला.

"सोने, बघ गं. ही पट्टी रोज येते, पोराचं कपाळ झाकते. काय लिहिलंय?"

दादाचा फोटो समोर आला की सोनालीला भरून येतं. इतकी वर्षं झाली, ती माझ्याकडे सरळ बघतच नाही. तिनं मान वळवली आणि अंगठ्यानं फुली दाबली.

"काही नाही आई, अ‍ॅड असेल. नेटवर आहे ना, ते कुठं जात नाही."

वाच गं बाई, एक ओळ वाच! आत्ता उतरवून घेतलास तर दादाचा आवाज तुझ्या मोबाइलमध्ये राहील! पण मला स्वतःचा आवाज कुठला? चंपाबाईंनी बटण दाबलं तेव्हा निघाला तो अभयचाच.

"आई, येतंय का ऐकू?"

"येतंय रे, बाळा," म्हणून त्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला.

सोनालीवर माझा राग नाही. पण मित्रांनो, घरातल्या कुणी मोबाइल पुढे धरून 'काय लिहिलंय?' असं विचारलं, तर अंगठा टेकवण्याआधी वाचा. आपल्या माणसांचे आवाज आपल्यापाशी उतरवून ठेवा.

उद्या संध्याकाळी वंदना आटोपून चंपाबाई बसतील. समोर नुसता पांढरा पडदा असेल. त्यांना वाटेल, रेंज नाही. आणि मोबाइल हातात धरून त्या रेंज यायची वाट बघत राहतील.